रांगेतला नंबर 4312 : बाबांबरोबर विम्बल्डनच्या आठवड्यात लंडन

बाबा सांगलीत बँकेत होते. नोकरी सांभाळून तीसेक वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या टेनिस स्पर्धांत लाइन अंपायरचं, म्हणजे चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर हे सांगण्याचं काम केलं. मातीच्या कोर्टाच्या कडेला लोखंडी खुर्ची, डोक्यावर पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर आणि नजर त्या एका चुन्याच्या रेषेवर. मी लहानपणी त्यांच्या खुर्चीमागे बसून शेंगा खात असायची. त्यामुळे विम्बल्डनला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात खेळाडू होते आणि बाबांच्या डोक्यात गवतावरची रेषा होती. मातीवर चेंडूचा ठसा राहतो, म्हणून शंका आली तर जाऊन बघता येतं. गवतावर तशी सोय नाही. "तिथं लाइनवर बसणं म्हणजे खरी परीक्षा गं," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

बॅलटमध्ये आमचं नाव लागलं नव्हतं. विम्बल्डनची बरीच तिकिटं आदल्या वर्षी नावं नोंदवून सोडतीत वाटतात, आणि ती लागली नाहीत की बहुतेक लोक विषय सोडून देतात. पण टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या, म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी याच स्पर्धेत रोज सकाळी हजारो तिकिटं रांगेतल्या माणसासाठी राखलेली असतात. सेंटर कोर्ट (शेवटचे काही दिवस सोडून), नंबर 1 आणि नंबर 2 या मोठ्या कोर्टांची साधारण पाचपाचशे, आणि शिवाय ग्राउंड पास, म्हणजे मोठी कोर्टं सोडून बाकीच्या, बाहेरच्या कोर्टांवर फिरायचं तिकीट. रांगेच्या भरवशावर अडुसष्ट वर्षांच्या माणसाला घेऊन सात समुद्र ओलांडायचे का, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आई म्हणाली, "तिकीट नाही मिळालं तर लंडन बघून या, पण जा." 115 पौंडांचा व्हिसा तीन आठवड्यांत आला.

शुक्रवार, 28 जून 2024

संध्याकाळी उतरलो. राहण्याची जागा मी मुद्दाम टूटिंगला घेतली होती. पहिल्या शोधात सगळे मध्य लंडनची हॉटेलं दाखवतात किंवा विम्बल्डन गावातली घरं. गावातली घरं या पंधरवड्यात परवडत नाहीत, आणि मध्य लंडनहून पहाटे निघायचं तर पहिल्या गाडीची वाट बघावी लागते. टूटिंग दोन्हीच्या मधे पडतं. नॉर्दर्न लाइनने शहर जवळ, आणि 493 नंबरची बस थेट टेनिस क्लबाच्या दारावरून जाते. बसला तेव्हा 1.75 पौंड पडायचे आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे लागत नव्हते. एक लक्षात ठेवा : भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड टेकवायचं. बाबांनी एकदा आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन टेकवला आणि दोन अर्धवट प्रवासांचे पैसे कापले गेले.

घरमालकीणबाई मूळच्या जाफन्याच्या तमिळ, पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. बाबांच्या पायातल्या चपला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बूट आणलेत ना? रांगेत गवत ओलं असतं." बाबांनी बॅग उघडून बूट दाखवले, तेव्हा कुठे त्यांनी चहा ठेवला.

शनिवार, 29 जून

या दिवशी टेनिसचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. टी-20 वर्ल्ड कपची फायनल होती, बार्बाडोसला, लंडनच्या घड्याळाने दुपारी साडेतीनला. टूटिंगमधल्या एका डोशाच्या हॉटेलात मालकाने टीव्ही लावला होता आणि आत चेन्नई, जाफना, लाहोर, ढाका सगळं दाटीवाटीने बसलं होतं. कोहलीच्या 76 धावा होईपर्यंत आमचा एक मसाला डोसा, एक उत्तप्पा आणि तीन कॉफ्या झाल्या होत्या. शेवटच्या षटकात 16 हव्या होत्या आणि पहिल्याच चेंडूवर मिलरने उचलून मारला. सूर्यकुमारने सीमेवर झेल घेतला, तोल जातोय म्हणून चेंडू हवेत उडवला, रेषेबाहेर गेला, परत आत आला आणि पकडला. अख्खं हॉटेल ओरडत होतं आणि बाबा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन सूर्याचा बूट बघत होते. तीनदा रिप्ले बघितला. मग वळून म्हणाले, "आत आहे. स्वच्छ." शेजारच्या टेबलावरच्या लाहोरच्या काकांनी त्यांच्याशी हात मिळवला.

भारत सात धावांनी जिंकला. आम्ही रात्री नऊला बाहेर पडलो तर अजून लख्ख उजेड. जुलैच्या सुरुवातीला इथे सव्वानऊच्या पुढे सूर्य मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमाराला उगवतो. बाबांना याची सवय शेवटपर्यंत झाली नाही. "जेवायचं केव्हा हेच कळत नाही," म्हणायचे.

रविवार, 30 जून

सकाळी दोघंही साडेतीनला टक्क जागे. घड्याळ साडेचार तास मागे पडल्यामुळे शरीराला वाटतं सकाळचे आठ झाले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे आपल्या फायद्याचं आहे. भारतातून जाणाऱ्या माणसाने रांगेचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवावा. पहिले तीन-चार दिवस पहाटे उठण्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. आठवड्याच्या शेवटी ठेवलात तर तोवर शरीर तिथल्या वेळेला रुळलेलं असतं आणि पहाटे चारचा गजर जिवावर येतो. मी आधी लंडन दर्शन आधी आणि टेनिस नंतर अशी आखणी केली होती. ती त्याच सकाळी उलटी केली.

त्यात सोमवारचं वेळापत्रक आलं आणि त्यात सुमित नागल होता. 2019 नंतर विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत मुख्य फेरी खेळणारा पहिला भारतीय. समोर सर्बियाचा केचमानोविच, बाहेरच्या कोर्टावर. म्हणजे ग्राउंड पासात बघता येणार होतं. सेंटर कोर्टासाठी लोक आदल्या दिवसापासून तंबू ठोकून झोपतात. दोन माणसांपुरताच तंबू चालतो. बाबांना तंबूत झोपवायचा माझा विचार नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. मोठ्या कोर्टाचं तिकीट नको असेल तर पहाटे येऊन काम होतं.

दिवसभर विशेष काही केलं नाही. घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटल्या आणि बटाट्याच्या भाजीचे रोल फॉइलमध्ये बांधले. आत स्वतःचं खाणं न्यायला परवानगी आहे, ही या स्पर्धेची फार चांगली बाजू. मात्र माणशी एकच बॅग, ती 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या आत. आदल्या रात्री पट्टीने मोजून घ्या. आमच्या पुढच्या एका मुलाला त्याची सॅक सामानघरात ठेवायला मागे जावं लागलं.

सोमवार, 1 जुलै

पहाटे साडेचारला सांगितलेली टॅक्सी आली नाही. फोनवर ती गाडी दहा मिनिटं एकाच चौकात उभी दिसत होती, मग बुकिंगच रद्द झालं. दुसरी मिळेपर्यंत पाच वाजून गेले आणि माझा जीव अर्धा झाला. बाबा फाटकाशी शांत उभे होते. "स्पर्धा अकराला आहे," एवढंच म्हणाले.

विम्बल्डन पार्क हे क्लबाच्या समोरचं मोठं मैदान. रांग तिथे लागते. रांग म्हणजे गवतावर आखलेल्या ओळी, प्रत्येक ओळीच्या टोकाला झेंडा, आणि मधे हिंडणारे कारभारी, बहुतेक निवृत्त वयाचे आणि अतिशय अदबशीर. आत शिरलं की ओळीच्या शेवटच्या माणसामागे बसायचं. थोड्या वेळाने एक जण येऊन हातात कार्ड देतो, त्यावर तारीख आणि नंबर. आमचे 4312 आणि 4313. हे कार्ड म्हणजे तुमची जागा. दुसऱ्यासाठी जागा धरता येत नाही, प्रत्येकाने स्वतः हजर राहून आपलं कार्ड घ्यायचं, आणि बाथरूमला किंवा चहाला गेलात तर अर्ध्या तासात परत यायचं. बाबांना ही व्यवस्था इतकी आवडली की ते कार्ड मिनिटामिनिटाला खिशातून काढून बघत होते. "पंढरपूरच्या दर्शनबारीसारखं आहे," म्हणाले. "फक्त इथं मधे घुसणारा कुणी नाही."

सहाच्या सुमाराला तंबूवाल्यांना उठवलं गेलं. शेकडो तंबू अर्ध्या तासात मिटले, सामान जमा झालं, रांग सरकून दाट झाली. साडेसातला पुढच्यांच्या मनगटांना मोठ्या कोर्टांचे पट्टे बांधायला सुरुवात झाली. आमचा त्यात संबंध नव्हता, आम्ही गवतावर चादर टाकून बसलो होतो. ढगाळ हवा, बोचरा वारा, जुलै असून स्वेटर लागत होता.

आमच्या पुढे एक आजी होत्या, यॉर्कशायरच्या, घडीची खुर्ची आणि शब्दकोडं घेऊन आलेल्या. 1977 पासून येतात, आणि नेहमी रांगेतूनच. सोडतीत कधी नावच देत नाहीत. "घरी पोस्टाने तिकीट आलं तर तुम्ही मला भेटला असतात का?" असं त्या बाबांना म्हणाल्या. बाबांचं इंग्रजी बँकेचं, पत्रव्यवहाराचं. सुरुवातीला अडखळत होते. मग आजींनी विजय अमृतराजचं नाव काढलं आणि बांध फुटला. 1981 ची क्वार्टर फायनल, समोर जिमी कॉनर्स, अमृतराज दोन सेट पुढे, आणि तिथून पाच सेटमध्ये हरला. आजी त्या दिवशी तिथे होत्या. बाबांनी ती मॅच दुसऱ्या दिवशी सांगलीत पेपरात वाचली होती. त्रेचाळीस वर्षांनी दोघंही त्या हरण्यावर पुन्हा हळहळले. "टू सेट्स अप," आजी म्हणाल्या. "टू सेट्स," बाबा म्हणाले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर बाबांनी त्यांना 1986 मध्ये क्वार्टर फायनलपर्यंत गेलेल्या रमेश कृष्णनच्या हळुवार टच-व्हॉलीबद्दल, म्हणजे टप्पा पडायच्या आतच अलगद टोलवलेल्या चेंडूबद्दल सांगितलं, हाताने करून दाखवली. आजींनी आमचे बटाट्याचे रोल खाल्ले आणि आम्हाला काकडीची सँडविचेस दिली.

दहाला दारं उघडली आणि रांग चालू लागली. चालू लागली म्हणजे वीस पावलं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं. घाई करून उपयोग नसतो. आतली माणसं क्षमतेइतकी झाली की कुणीतरी बाहेर पडेल तसा पुढचा आत जातो. ग्राउंड पास 30 पौंडांच्या आसपास पडला. पैसे फक्त कार्डाने घेतात, नोटा चालत नाहीत.

आत शिरल्यावर बाबा थबकले. मला वाटलं दमले. पण ते खाली बघत होते. डावीकडे बाहेरचं एक कोर्ट होतं, कुंपण कमरेएवढं, आणि गवत हाताच्या अंतरावर. आपण टीव्हीवर बघतो ते हिरवं मखमली वाटतं. जवळून ते मखमली नाही. बारीक, ताठ, कडक, खाली टणक माती, कातरून आठ मिलिमीटरवर ठेवलेलं. बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेजवळ, पहिल्याच दिवशी बुटांचे ओरखडे उठायला लागले होते. आणि त्यावरची ती पांढरी रेषा. बाबा म्हणाले, "बघ, कड कशी सुरीने कापल्यासारखी आहे."

नागलच्या कोर्टाभोवती आधीच दोन-तीन थर उभे होते. निम्मे तरी भारतीय. त्याने पहिला सेट 2-6 गमावला होता. आम्ही खांद्यांमधून वाट काढत कडेला पोहोचलो तेव्हा तो दुसऱ्या सेटमध्ये रंगात आला होता. उंचीने लहान, पण प्रत्येक चेंडूमागे धावणारा. दुसरा सेट 6-3 घेतला तेव्हा मागून कुणीतरी "चल रे सुमित!" असं अस्सल मराठीत ओरडलं, आणि मी वळून बघेपर्यंत ती आरोळी गर्दीत विरली. पुढचे दोन्ही सेट अटीतटीचे झाले, पण केचमानोविचची सर्व्हिस जड होती. 6-2, 3-6, 6-3, 6-4. हरला. हरूनही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. जानेवारीत याच मुलाने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं होतं. ग्रँड स्लॅम एकेरीत एखाद्या भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ती 1989 नंतरची पहिली वेळ, आणि 1989 मध्ये ते करणारा होता रमेश कृष्णन. बाबांना हे सगळं पाठ आहे.

पण खरं सांगायचं तर बाबांनी मॅच अर्धीच बघितली. उरलेला वेळ त्यांचं लक्ष लाइन अंपायरांवर होतं. गडद निळे कोट, पाय फाकवून, हात गुडघ्यांवर, सर्व्हिसच्या क्षणी सगळे एकदम पुढे वाकणारे. एकाने बेसलाइनवर "आउट" म्हटलं आणि हात आडवा केला. बाबा माझ्या कानात पुटपुटले, "हात आधी गेला. आवाज आधी जायला हवा." पुढच्याच गेममध्ये त्याच माणसाने अवघड चेंडूवर दोन्ही तळवे जमिनीकडे करून, अगदी स्थिर धरून, चेंडू आत असल्याची खूण केली, तेव्हा बाबांनी मान डोलावली. "हां. आता बरोबर."

ग्राउंड पासवाल्यांनी दुपारी एक गोष्ट जरूर करावी. 18 नंबरच्या कोर्टाच्या भिंतीवर एक पाटी आहे, 2010 च्या इस्नर आणि माहुतच्या मॅचची. तीन दिवस चाललेली, 11 तास 5 मिनिटांची, पाचवा सेट 70-68. आम्ही पाटीखाली उभं राहून स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाल्लं, अडीच पौंडांना. स्ट्रॉबेरी खरोखर गोड असते. महाबळेश्वरची सवय असलेल्या माणसाचं हे मत आहे.

आणखी एक : मोठ्या कोर्टांवरून लवकर निघून जाणाऱ्यांची तिकिटं दुपारी तीननंतर आत असलेल्या लोकांना अगदी कमी पैशांत पुन्हा विकतात, आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. त्यासाठी फोनवरच्या त्यांच्या ॲपमध्ये वेगळी रांग लावावी लागते. फोनची बॅटरी पूर्ण भरून न्या. माझी साडेतीनलाच संपली आणि तो मार्ग बंद झाला.

मंगळवार, 2 जुलै

विश्रांतीचा दिवस. तो आखणीत आधीच धरायला हवा, कारण रांगेच्या दिवशी पंधरा-सोळा तास अंगावर येतात. बाबांचे पाय सुजले होते. घरमालकीणबाईंनी कोमट पाण्यात मीठ टाकून टब समोर ठेवला आणि नर्सच्या आवाजात "वीस मिनिटं" म्हणाल्या.

दुपारी भुरभुर थांबल्यावर चॉक फार्म स्टेशनला उतरलो आणि 10, किंग हेन्रीज रोड गाठला. 1921-22 मध्ये बाबासाहेब या घरात राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत शिकत असताना. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. साधी, उंच, ओळीतली इमारत, दारावर त्यांच्या नावाची पाटी. आत पुस्तकं, फोटो, एका खोलीत पलंग. आमच्याआधी नागपूरहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातली आजी पायरीवर डोकं टेकवून उठली आणि तिच्या नातीने तिला हात दिला. बाबांनी बूट काढले. काढायचा नियम होता की नाही, आम्ही विचारलं नाही.

तिथून दहा मिनिटांवर प्रिमरोझ हिल. टेकडीवरून अख्खं लंडन दिसतं. आम्ही बाकावर बसून उरलेला रोल खाल्ला.

बुधवार, 3 जुलै

पाऊस. बाहेरच्या कोर्टांचा खेळ बराच अडला. आम्ही तिकडे गेलो नव्हतो याचं समाधान वाटलं आणि रांगेत बसलेल्यांसाठी वाईटही. पावसात छप्पर फक्त सेंटर आणि नंबर 1 कोर्टाला मिळतं, ग्राउंड पासवाला छत्रीखाली. म्हणून रांगेचे दोन दिवस ठरवले असतील तर ते लागोपाठ ठेवू नका, आणि त्या आठवड्यात दुसरीकडची वेळ बांधलेली तिकिटं फार काढू नका. मी एका राजवाड्याचं तिकीट काढून ठेवलं होतं, ते बदलून मिळालं नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दिवस काढला. प्रवेश फुकट आहे. तिथली वाघनखं तेव्हा साताऱ्याला निघण्याच्या बेतात होती. 19 जुलैपासून साताऱ्यात प्रदर्शन सुरू झालं आणि आम्ही परत आल्यावर रांग लावून तिथेच बघितली.

गुरुवार, 4 जुलै

ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक. गल्लीतल्या चर्चच्या सभागृहाबाहेर मतदान केंद्राचा कागदी फलक आणि दाराशी बांधलेली तीन कुत्री. घोषणा नाहीत, टेबलं मांडून बसलेले कार्यकर्ते नाहीत. घरमालकीणबाई सकाळी साडी नेसून मत देऊन आल्या. "मी आले त्या वर्षापासून एकही चुकवलं नाही," म्हणाल्या. त्याच वेळी आई फोनवर सांगत होती की मरीन ड्राइव्हवर विश्वविजेत्यांच्या बससाठी मुंगी शिरायला जागा नाही.

दुपारी दोनला पुन्हा विम्बल्डन पार्क. हा दुसरा मार्ग पहाटेपेक्षा मला जास्त आवडला आणि वयस्कर माणसांबरोबर असाल तर हाच धरा. सकाळी आलेले लोक चारनंतर बाहेर पडू लागतात, रांग वेगाने सरकते, आणि पाचनंतर ग्राउंड पास स्वस्त होतो. उजेड नऊ-सव्वानऊपर्यंत असल्यामुळे चार तास टेनिस मिळतं. आम्ही साडेपाचच्या आत आत होतो.

एका बाहेरच्या कोर्टावर दुहेरीची मॅच चालू होती. आम्हाला पहिल्या ओळीत जागा मिळाली, लाइन अंपायरच्या खुर्चीमागे तीन हातांवर. बाबा त्या खुर्चीच्या मागे, आणि मी बाबांच्या बाजूला. चेंडू रॅकेटवरून सुटल्याचा आवाज, गवतावर टेकल्याचा जवळजवळ नसलेला आवाज, आणि लाइन अंपायर बाईंचा श्वास रोखलेला दिसायचा. सर्व्हिस झाली की त्यांचे खांदे सैल पडायचे. तासाभराने त्यांची पाळी संपली. नवी तुकडी रांगेत आली, जुनी रांगेत निघाली. त्या बाई आमच्यासमोरून जाताना बाबांनी काही न बोलता दोन्ही तळवे जमिनीकडे करून छातीखाली स्थिर धरले. चेंडू आत. बाई क्षणभर थांबल्या. बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे. आणि चालता चालता त्यांनीही तीच खूण परत केली.

बाबा पुढची दहा मिनिटं काही बोलले नाहीत.

त्या ऑक्टोबरमध्ये क्लबाने जाहीर केलं की 2025 पासून सगळ्या कोर्टांवर रेषेचा निर्णय यंत्रं देतील. 1877 पासून जी माणसं रेषेवर होती, त्यांचं आम्ही बघितलेलं वर्ष शेवटचं होतं. दर वर्षी सुमारे 300 लाइन अंपायर असायचे. यंत्र चुकत कमी असेल, मी त्यावर वाद घालणार नाही. पण गवतावर नजर रोवून बसलेली ती माणसं बाबांनी एकदा डोळ्यांनी बघितली, याचं मला फार समाधान आहे.

संध्याकाळी टेकडीवर गेलो. मोठ्या पडद्यासमोरच्या या उताराला लोक टिम हेन्मन या ब्रिटिश खेळाडूवरून हेन्मन हिल म्हणतात आणि काही जण मरेचं नाव देतात. त्या दिवशी ते दुसरं नावच योग्य होतं, कारण सेंटर कोर्टावर अँडी मरे भाऊ जेमीबरोबर दुहेरी खेळत होता. पाठीच्या शस्त्रक्रियेतून नुकताच उठल्यामुळे एकेरीतून त्याने माघार घेतली होती. 2013 मध्ये त्याने इथलं एकेरीचं विजेतेपद घेतलं तेव्हा ब्रिटिश पुरुषाला ते 77 वर्षांनी मिळालं होतं. हिजिकाता आणि पीयर्स या ऑस्ट्रेलियन जोडीने मरे बंधूंना सरळ सेटमध्ये हरवलं. मग पडद्यावर त्याच्या कारकिर्दीची चित्रफीत लागली आणि मरे रडू लागला. आमच्या शेजारी घोंगडीवर बसलेला धिप्पाड स्कॉटिश माणूस, ज्याने पूर्ण मॅचमध्ये एक शब्द काढला नव्हता, तोंड झाकून रडत होता. बाबांनी खिशातला धुतलेला रुमाल काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

शुक्रवार, 5 जुलै

सकाळी सरकार बदललं होतं. घरमालकीणबाईंनी इडल्यांचा डबा दिला. चेक-इनला बाबांच्या शर्टाच्या खिशातून पासपोर्टबरोबर दोन्ही रांगेची कार्डं बाहेर आली. काउंटरवरच्या मुलीने ती उलटसुलट बघून हसत परत दिली. आता ती आमच्या देवघराशेजारच्या कपाटात, बाबांच्या जुन्या अंपायर बॅजखाली आहेत.

सोडतीची नोंदणी साधारण सप्टेंबरात सुरू होते, क्लबाच्या संकेतस्थळावर खातं उघडून. एका घराला एकच अर्ज चालतो. आमचा मी बाबांच्या नावाने भरला.